लाकडी आगगाडीचे रूळ: राउटरने घरी करायचे की विकत आणायचे?

लाकडी आगगाडीचा सेट घरात आला की महिन्याभरात रूळ कमी पडायला लागतात. पोराला दिवाणाखालून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत गाडी न्यायची असते, आणि सेटमध्ये एका गोलापुरतेच रूळ असतात. आमच्याकडे हे झालं तेव्हा ट्रिमर, म्हणजे लाकडात खाच पाडायचं हातातलं छोटं राउटर, हाताशी होता, म्हणून मी रूळ करायला घेतले. साठेक तुकडे केल्यावर माझं मत पक्कं झालंय: सरळ रूळ घरी करावेत, वळणं हौस असेल तर करावीत, आणि सांधे, म्हणजे एका रुळाचे जिथे दोन फाटे होतात ते तुकडे, विकतच आणावेत.

आधी माप. स्वीडनच्या ब्रियो कंपनीने १९५८ मध्ये लाकडी रेल्वे बाजारात आणली आणि पुढे इतरांनीही तेच माप उचललं. आयकियाचा लिलाबो सेटही या रुळांना जुळतो. रूळ ४० मिमी रुंद आणि १२ मिमी जाड. चाकं ज्यात धावतात ती खाच ६ मिमी रुंद, ३ मिमी खोल. कडेला ४ मिमी, मग खाच, मध्ये २० मिमी, पुन्हा खाच, पुन्हा ४ मिमी. ही मापं ढोबळ धरा आणि आपल्या सेटमधला एक तुकडा व्हर्नियरने मोजूनच लाकडाला हात लावा.

सरळ रुळात विकतचा माल घरच्यापुढे टिकत नाही. वखारीतून ४० बाय १२ च्या पट्ट्या रंधून आणायच्या. ट्रिमर टेबलाखाली उलटा बसवायचा, ६ मिमीचं सरळ बिट (कापणारं पातं) लावायचं आणि फेन्स, म्हणजे पट्टी टेकवून सरकवायचा आडवा आधार, बिटच्या कडेपासून ४ मिमीवर घट्ट करायचा. पट्टी एकदा उजवीकडून डावीकडे सरकवायची, मग टोकाकडून फिरवून दुसरी कड फेन्सला लावून पुन्हा सरकवायची. फेन्स तोच राहिल्याने दोन्ही खाचा कडेपासून आपोआप सारख्या अंतरावर येतात. खाच आधी लांब पट्टीवर पाडा, तुकडे नंतर कापा. चिमुकला तुकडा बिटवरून ढकलणं बोटांसाठी धोक्याचं आहे. ९० सेंमीच्या पट्टीतून २१६ मिमीचे चार रूळ निघतात. सेटमध्ये सहसा न मिळणारा अडीच फुटांचा सलग रूळही करता येतो, आणि पोरांना तोच सगळ्यात जास्त आवडतो.

टेबल नसेल तर हातात ट्रिमर धरूनही जमतं, पण ४० मिमीच्या पट्टीवर त्याचा तळ डुगडुगतो आणि खाच वाकडी जाते. अशा वेळी रुंद फळीवर खाचा पाडून मग पट्ट्या चिरून घ्याव्यात. आणि बिट घेताना शँक, म्हणजे यंत्रात बसणारा त्याचा दांडा, बघा. पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी, ते ६ मिमीच्या कॉलेटमध्ये (दांडा पकडणाऱ्या चिमट्यात) जात नाही, आणि ६ मिमीचं बिट पाव इंची कॉलेटमध्ये नीट धरलं जात नाही. इतक्या वेगात फिरणारं बिट निसटलं तर काय होईल, याचा विचार करूनच खरेदी करा.

वळणाची गोष्ट वेगळी. माझी पहिली वळणं सागवानाची होती, दिसायला देखणी. पण पुतणीचा पाय पडला आणि जोडाचा खुंट, म्हणजे पुढच्या रुळात अडकणारं टोक, तिथेच तुटला. कारण साधं आहे. वळणात लाकडाचे तंतू सरळच राहतात, टोक मात्र वळतं, त्यामुळे खुंटात तंतू तिरके येतात आणि तो कमकुवत होतो. म्हणून वळणाला १२ मिमीचं चांगलं प्लायवूडच बरं, कारण त्याचे थर आडवे-उभे असतात. ट्रिमरला एक लांब पट्टी जोडा आणि तिला एका खिळ्याभोवती फिरवा. आतली त्रिज्या १८२ मिमी धरली तर खिळ्याची भोकं बिटच्या मध्यापासून १७९, १८९, २१५ आणि २२५ मिमीवर येतात. मधल्या दोन भोकांनी खाचा पडतात, कडेच्या दोन भोकांनी कडा कापल्या जातात. बाहेरची कड आधी कापा, आतली शेवटी, नाहीतर कडं खिळ्यापासून सुटून हलतं. खाली टाकाऊ फळीला दुहेरी टेपने चिकटवून, दर वेळी ३ मिमीच खोल जा. दीड फुटाचा चौकोन अगदी काठावर पुरतो, म्हणून थोडा मोठा घ्या. एका कड्यातून ४५ अंशांचे आठ तुकडे मिळतात. करवतीच्या घासाने गोल थोडा आखडतो, पण जोडातल्या वावात ते खपून जातं.

जोडासाठी मी प्रत्येक रुळाच्या दोन्ही टोकांना भोक आणि फट ठेवतो, आणि डंबेलच्या आकाराचा तुकडा वेगळा करतो. त्यात तंतू लांबीने धावतात, म्हणून तो तुटत नाही. दोन्ही टोकं सारखी असल्याने वळण डावं-उजवं राहत नाही. नाहीतर वरून आणि खालून, दोन्ही बाजूंना खाचा पाडाव्या लागल्या असत्या.

लाकडात बीच सर्वात उत्तम: घट्ट, बारीक पोताचा, खाच स्वच्छ पडते. शिवण स्वस्त आणि कापायला मऊ, घरच्या खेळाला पुरेसा. सागवान मी आता वापरत नाही. तो बिटची धार लवकर मारतो आणि त्याच्या तेलामुळे डिंक नीट धरत नाही. एमडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबून केलेली फळी) टाळा, त्याच्या कडा भुरभुरतात आणि बारीक धूळ घरभर होते. मास्क कुठल्याही लाकडाला हवाच.

खर्चाचं मात्र स्पष्ट सांगतो. यंत्र, बिट, टेबल आणि क्लॅम्प फक्त रुळांसाठी घेणार असाल तर विकतचे रूळच स्वस्त पडतील. यंत्र आधीच घरात असेल, किंवा पुढे फडताळं करायची असतील, तरच हा उद्योग परवडतो. करून विकायचा विचार असेल तर १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह बंधनकारक झालंय, हे आधी तपासा.

मूल तीन वर्षांखालचं असेल तर सुटे डंबेल देऊ नका, घशात अडकू शकतात. प्रत्येकाचं एक टोक रुळात डिंकाने पक्कं बसवा, रात्रभर वाळू द्या आणि सकाळी पकडीने ओढून बघा. हलला तर तो रूळ खेळण्यात जाणार नाही.