कारची काच पुसायला काय घ्यावं: निळा स्प्रे, पेपर की मायक्रोफायबर?

निकाल आधीच सांगून टाकतो. काचेवर रेघा नको असतील तर स्प्रेवर कमी आणि फडक्यावर जास्त पैसे खर्च करा. किराणा दुकानात मिळणारी कॉलिनसारखी निळी बाटली कामाची आहे, पण सोबत जुन्या बनियनचा तुकडा असेल तर कितीही महाग स्प्रे आणा, रेघा उठणारच. उलट चांगली दोन मायक्रोफायबर फडकी आणि बॅटरीचं पाणी (म्हणजे क्षार काढलेलं डिस्टिल्ड पाणी) एवढ्यावर रोजची धूळ बसलेली बाहेरची काच स्वच्छ निघते.

रेघ म्हणजे काचेवर सुकून राहिलेलं काहीतरी. पाण्यातला क्षार, साबण, डॅशबोर्ड पॉलिशचं तेल, नाहीतर फडक्याने या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेलेला मळ. नागपुरात दोन गोष्टींनी हे वाढतं. एक, बोअरचं जड पाणी. वॉशिंग सेंटरवर आणि बऱ्याच फ्लॅट स्कीममध्ये गाड्या त्यानेच धुतात. दुसरं, ऊन. पारा 45 च्या आसपास असताना उघड्यावर उभ्या गाडीच्या काचेला हात लावून बघा. अशा काचेवर फवारा मारला की पुसायच्या आतच पाणी आणि अल्कोहोल उडून जातं आणि उरलेलं तिथंच चिकटतं. मग माणूस आणखी फवारा मारतो आणि थर आणखी वाढतो. उन्हाळ्यात हे काम सकाळी आठच्या आत, सावलीत. काच बोटांच्या मागच्या बाजूला कोमट लागली तरी थांबा.

आता फडकं. मायक्रोफायबर नावाने काहीही विकतात. लेबलवर 80/20 किंवा 70/30 लिहिलेलं असावं: पहिला आकडा पॉलिस्टरचा, दुसरा पॉलिअमाइडचा. पाणी आणि तेलकटपणा ओढून घेण्यात पॉलिअमाइडची मदत होते, म्हणून काचेला 70/30 मिळालं तर उत्तम. वजन 250 ते 300 जीएसएम (चौरस मीटरला इतके ग्रॅम) पुरे. 600 जीएसएमचं गुबगुबीत फडकं बॉडी पुसायला छान, काचेला नाही. त्याचे लांब धागे ओल धरून ठेवतात आणि मागे ओलसर पट्टा सोडतात. काचेला आखूड लवेचं किंवा चौकटी विणीचं घ्या. चौकटी विणीचं पहिल्या हाताला, गुळगुळीत विणीचं शेवटच्या कोरड्या हाताला. नवं फडकं थेट वापरू नका. आधी एकदा साध्या लिक्विड डिटर्जंटमध्ये धुऊन घ्या, कारखान्यातली खळ आणि सुटे धागे निघून जातात. त्याला कम्फर्टसारखं सॉफ्टनर कधीच लावायचं नाही, सॉफ्टनरचा थर धाग्यांवर बसला की फडकं पाणी पिणं सोडून देतं. टॉवेल-चादरींसोबतही धुऊ नका, सुताचा भुसा त्यात अडकतो. पाचपैकी साडेचार गुण. अर्धा गुण या नखऱ्यांचा कापला.

निळ्या स्प्रेला साडेतीन. बाहेरच्या काचेवरचे बोटांचे ठसे आणि चिकटलेले किडे तो बरा काढतो. चूक होते ती प्रमाणात. समोरच्या अर्ध्या काचेला तीन-चार फवारे भरपूर झाले. आतून तर काचेवर फवारूच नका, फडक्यावर फवारा. थेंब डॅशबोर्डवर, स्क्रीनवर, आरशाजवळच्या सेन्सरवर जातात. काचेला आतून फिल्म असेल तर बाटलीमागची बारीक अक्षरं वाचा आणि अमोनिया असलेलं टाळा, त्याने फिल्म खराब होते.

घरी करायचं असेल तर 400 मिली बॅटरीच्या पाण्यात 100 मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल, बस्स. पाणी पेट्रोल पंपावर किंवा बॅटरीच्या दुकानात मिळतं. मागताना ‘बॅटरीचं पाणी’ म्हणा आणि कॅन बघून घ्या. त्याच दुकानात बॅटरीचं ॲसिडही असतं. साबण घालायचा मोह आवरा, तोच सगळ्यात जास्त रेघा सोडतो. अल्कोहोल पेट घेतं, म्हणून ही बाटली गाडीत ठेवायची नाही, नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, तर नाहीच.

पेपरबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. धागे सोडत नाही, फुकट आहे, घरच्या खिडकीला चालतो. गाडीत मात्र ओला झाला की लगेच फाटतो आणि शाई रबराच्या बीडिंगला आणि फिक्या रंगाच्या अस्तराला लागते. दोन गुण.

आतली काच हे वेगळंच प्रकरण. बंद गाडी उन्हात तापली की डॅशबोर्डच्या प्लास्टिकमधले तेलकट घटक वाफेसारखे उडतात आणि काचेवर बसतात. दिवसा हा थर दिसत नाही. रात्री वर्धा रोडवर समोरून हेडलाइट आला की सगळी काच धुरकट होते, तो हाच. डॅशबोर्डला चकचकीत सिलिकॉन पॉलिश मारलेलं असेल तर आणखी भर. या थराला एक हात पुरत नाही. पहिल्या हाताला वरचंच मिश्रण लावलेलं दमट फडकं वापरून तेल सोडवा, फडक्याची घडी उलटा, दुसरा हात फक्त बॅटरीच्या पाण्याचा आणि काच सुकायच्या आत कोरडं फडकं. फडक्याची चार पदरी घडी केली की आठ स्वच्छ बाजू मिळतात, प्रत्येक काचेला नवी बाजू घ्या. समोरच्या काचेचा डॅशबोर्डजवळचा खालचा कोपरा हमखास सुटतो. तिथं हात उलटा करून बोटांच्या मागच्या बाजूने फडकं दाबत न्या.

पुसायची दिशाही ठरवून घ्या: आतून आडवं, बाहेरून उभं. नंतर रेघ दिसली की ती कोणत्या बाजूची, हे लगेच कळतं. मागच्या काचेला आतून डीफॉगरच्या, म्हणजे काच तापवून वाफ घालवणाऱ्या, तारा असतील तर तिथं आडवंच, तारांच्या दिशेने. ब्लेडने खरवडू नका. दाराच्या काचा चार बोटं खाली करून वरची कडा आधी पुसा, नाहीतर तिथला मळ पुढच्या वेळी काच वर-खाली करताना ओघळतो. आणि काचा सगळ्यात शेवटी, बाकी गाडी झाल्यावर.

कोराडी, खापरखेड्याकडे गाडी उभी राहत असेल तर कोरडं फडकं काचेला लावायचंच नाही. औष्णिक केंद्राच्या राखेत सिलिका आणि ॲल्युमिनाचे टणक कण असतात. कोरडं घासलं की काचेवर बारीक ओरखडे पडतात आणि ते कुठल्याच स्प्रेने जात नाहीत. आधी भरपूर पाणी ओता, मग हात.

पांढरे गोल डाग धुऊनही राहिले असतील तर ते क्षाराचे. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं, फडकं भिजवून डागावर दोन-तीन मिनिटं धरायचं, मग चांगल्या पाण्याने धुवायचं. पत्र्यावर ओघळू देऊ नका. दोन वेळा करूनही डाग राहिला तर तो सिलिकाचा समजा, तिथं व्हिनेगर हरतं. त्याला सिरियम ऑक्साइडचं काच पॉलिश लागतं आणि ते काम जाणकाराकडूनच करून घ्या.

वॉशिंग सेंटरवर बॉडीचं काम बहुधा ठीक होतं, काचेचं क्वचितच. ज्या फडक्याने डॅशबोर्डला पॉलिश लागतं तेच काचेवर फिरतं. गाडी देतानाच सांगा, ‘भाऊ, काचेले आतून हात नका लावू,’ आणि आपली दोन फडकी घेऊन घरी पुसा. स्वस्त पडतं आणि नीट होतं.

समोरच्या काचेवर कमानीसारखी रेघ उमटत असेल तर दोष काचेचा नाही, वायपरचा. अल्कोहोल लावलेल्या फडक्याने रबराची कडा काळं निघणं कमी होईपर्यंत पुसा. नागपूरच्या उन्हात रबर कडक होऊन तडकतं, तसं झालं असेल तर मृगाच्या आधी ब्लेड बदला. वॉशरच्या टाकीतही बोअरचं पाणी नको आणि कपड्यांची पावडर तर मुळीच नको, ती नोझलमध्ये गोळा होऊन बसते. नोझल बुजलंच तर बारीक टाचणीने हलक्या हाताने मोकळं करा.