४० लिटरची सॅक, आठ महिने आणि श्रीलंकेचे डोंगर: कमरेच्या बकलाने घालवलेले तारे

परवा इथे जळगावात फुले मार्केटजवळ बॅगा शिवणाऱ्या दादांनी माझ्या सॅकला नवं बकल बसवून दिलं. साठ रुपये घेतले. जुनं बकल दोन बोटांत दाबून बघत म्हणाले, "ताई, हाई प्लास्टिक हलकं शे." म्हणजे कमी दर्जाचं. बकल का तुटलं ह्याचं जे उत्तर कंपनीशी तीन आठवडे भांडूनही मिळालं नाही ते त्यांनी एका वाक्यात दिलं. म्हणून आज बसून सगळं लिहिते आहे.

खिसे किती, रंग कोणते, हे विक्रीच्या पानावर आहेच. मी घेतली का ते सांगते. निवृत्तीनंतर मी आणि वहिनींनी श्रीलंकेला जायचं ठरवलं, तेही समुद्र सोडून फक्त डोंगराकडचा भाग: कँडी, श्रीपाद (यात्रेचा डोंगर), नुवारा एलिया, एला. माणशी ४५,००० रुपयांच्या वर जायचं नाही हे पहिल्याच दिवशी वहीत लिहिलं. जळगावहून नवजीवन एक्स्प्रेसने चेन्नई आणि तिथून विमान, कारण मुंबईपेक्षा ते तिकीट स्वस्त पडत होतं. गाडी-ड्रायव्हर विचारला तर रोजचे ५० डॉलर सांगितले. आठ दिवसांचे ४०० डॉलर दोघींत वाटले तरी माणशी १७,००० च्या पुढे. म्हणजे बस, रेल्वे आणि पायी. वहिनींनी विचारलं, "ताई, ट्रॉलीच बरी नाही का? तुमच्या मानेचं काय?" पण त्या भागात मुक्कामाची घरं चढावर असतात, पायऱ्या असतात, बसमध्ये ट्रॉली ठेवायला जागा नसते. ट्रॉली घेतली की प्रत्येक गावात रिक्षा आलीच. म्हणून दिवाळीच्या आधी दोन सारख्या सॅक घेतल्या.

मला मानेचा स्पाँडिलायटिस आहे. त्यामुळे माझ्यासाठी ह्या सॅकमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे कमरपट्टा. तो नीट आवळला की ओझं खांद्यांवरून उतरून कमरेवर बसतं. डिसेंबरमध्ये तोरणमाळला सात किलो भरून सीताखाईच्या बाजूला दोन दिवस हिंडलो, मान अजिबात दुखली नाही. तेव्हा मी भेटेल त्याला ही सॅक घ्या म्हणून सांगत होते. ते शब्द आता थोडे मागे घेते.

विमानात सोबत फक्त सात किलो नेता येणार होतं, जास्तीच्या सामानाचे पैसे मला द्यायचे नव्हते. सॅक रिकामी असताना १ किलो ७०० ग्रॅम भरते (घरी काट्यावर मोजली). उरले ५ किलो ३००. त्यात कोलंबोच्या घामासाठी सुती कपडे आणि नुवारा एलियाच्या थंडीसाठी स्वेटर, दोन्ही हवं. ते गाव १,८६८ मीटरवर आहे, मार्चमध्येही रात्री कुडकुडायला होतं. इकडे जळगावात तेव्हा पारा चाळिशीकडे निघालेला असतो, त्यामुळे स्वेटर भरताना हात धजत नव्हता. तरी स्वेटर नक्की घ्या. बिबड्या आणि खाकरे नेले होते, पण त्यांची एवढी गरज पडली नाही. राइस अँड करीच्या ताटात वरण असतं, कोवळ्या फणसाची भाजी असते. आम्ही दोघी शाकाहारी, त्यामुळे एक गोष्ट मुद्दाम सांगते: खोबऱ्याच्या सांबोलमध्ये (तिकडची चटणी) सुक्या माशाचा चुरा घालतात. ताट वाढायच्या आधीच सांगावं लागतं. आणि केळी! आम्ही केळीच्या जिल्ह्यातल्या, तरी तिथली आंबट-गोड अंबुल केळी मनापासून आवडली. रोजचा नाश्ता त्यावरच व्हायचा. आपला एक रुपया म्हणजे तिकडचे साधारण साडेतीन, त्यामुळे भाव ऐकून आधी दचकायला होतं, मग हिशेब लागतो.

विमानतळावरून १८७ नंबरच्या बसने कोलंबो फोर्ट, तिथून कँडी. इथपर्यंत सॅकबद्दल एक अक्षर तक्रार नाही. हॅटनला उतरून श्रीपादही झालं. डिसेंबरच्या पौर्णिमेपासून मे महिन्यातल्या वैशाख पौर्णिमेपर्यंत यात्रेचा काळ असतो, पाच हजारांवर पायऱ्या रात्रभर दिव्यांनी उजळलेल्या असतात. पौर्णिमा आणि शनिवार-रविवार टाळा, गर्दीत पाऊल हलत नाही. आम्ही मंगळवारी चढलो. २,२४३ मीटरवर सूर्य उगवताना वहिनींचे डोळे भरून आले, माझेही.

बकल तुटलं ते पुढे, रेल्वेत. कँडी ते एला ह्या मार्गाची आरक्षणं तेव्हा महिनाभर आधी सुटायची आणि लगेच संपायची. आम्हाला मिळाली नाहीत, म्हणून साध्या डब्यात. नानुओयाला (नुवारा एलियाचं स्टेशन) उतरताना कमरपट्ट्याचा लोंबता पट्टा कोणाच्या तरी पायाखाली आला, कट्ट आवाज झाला आणि बकलाचा एक दात गेला. गर्दी होती हे मान्य. पण ज्या भागावर सात किलोचं ओझं तोलायचं, तो पाय पडल्यावर तुटावा? पन्नास वेळा तरी मी तो उरलेला दात बघितला असेल.

वहिनींनी त्यांच्या ओढणीने पट्टा बांधून दिला, पण गाठ सरकायची आणि ओझं परत खांद्यावर. संध्याकाळी मान आखडली. पुढे जिथे चालत जायचं होतं तिथे सगळीकडे रिक्षा. नानुओया ते नुवारा एलिया, एला स्टेशन ते डोंगरावरचं घर जाऊन-येऊन, शेवटी कोलंबोत. सगळे मिळून ५,२०० श्रीलंकन रुपये, म्हणजे आपले १,५०० च्या आसपास. ते मीच भरले, कारण बकल माझं होतं. सहल माणशी ४५,००० ची ठरवली होती, माझे ४६,२०० झाले. वरचे १,२०० कुठे गेले ते वहीत स्पष्ट दिसतं.

त्या रात्री एक तारा द्यायचं मनात पक्कं केलं होतं. पण एलाला नऊ कमानींचा पूल बघायला निघालो तेव्हा सॅक अर्धी रिकामी करून पासपोर्ट, औषधं, मोबाइल त्यातच ठेवले होते. परतताना दुपारी आभाळ फुटलं. मार्चअखेरीस तिथे दुपारनंतर असा पाऊस येतोच. तळाच्या खिशातलं पावसाळी आवरण ओढून घातलं, तासभर चिंब भिजलो. घरी येऊन उघडली तर आत एक थेंब नाही. पासपोर्टची पानं कोरडी. शिवण आजही कुठे उसवलेली नाही, चेन एकदाही अडकली नाही. त्यामुळे एक तारा देणं अन्यायाचं होईल.

कंपनीचं मात्र ऐका. हमीचा काळ चालू असताना फोन केला, बिलाचा फोटो पाठवला, तुटलेल्या दाताचे तीन फोटो पाठवले. उत्तर आलं की बकल वापराने झिजतं, ते हमीत येत नाही; दुरुस्ती हवी तर सॅक स्वखर्चाने कुरियर करा. सुटं बकल पाठवाल का, पैसे देते, असं विचारलं तर तशी सोयच नाही म्हणे. एका बकलासाठी अख्खी सॅक पाठवायची आणि कुरियरचे पैसे बकलाच्या कितीतरी पट द्यायचे, हे मला पटलं नाही.

म्हणून पाचातले तीन तारे. घेणार असाल तर घ्या, पण घरी आल्या दिवशीच कमरेचं बकल जाड प्लास्टिकचं बसवून घ्या आणि रेल्वेत चढताना पट्टा मागे खोचून ठेवा. वहिनींचं बकल अजून शाबूत आहे, तरी उद्या त्यांची सॅकही दादांकडे नेणार आहे. ऑगस्टमध्ये तोरणमाळला पावसात जायचं ठरलंय.