धबधब्याच्या पायथ्याशी जावे की माथ्यावर? एका दिवसाच्या भटकंतीसाठी दोन वाटांचा तुलनात्मक आढावा

धबधब्यापर्यंत एका दिवसात जाऊन परत यायचे ठरले की बहुतेक ठिकाणी दोन वाटा समोर येतात. एक वाट ओढ्याच्या काठाकाठाने, घळीतून वर सरकत, पाणी जिथे कोसळते त्या डोहापर्यंत जाते. दुसरी वाट बाजूच्या सोंडेवरून चढत, पाणी जिथून उडी घेते त्या कड्यापर्यंत पोहोचते. सहसा अंतर, चढ आणि छायाचित्रे पाहून यांतली एक निवडली जाते. माझ्या मते निवडीचा आधार वेगळा असायला हवा. पायथ्याच्या वाटेवर धोका आपल्याकडे चालून येतो, तर माथ्याच्या वाटेवर आपणच धोक्याकडे चालत जातो. पहिलीसाठी पावसापाण्याची जाण लागते, तर दुसरीसाठी स्वतःवर आणि सोबतच्यांवर ताबा लागतो. आपल्या गटाकडे यांतले काय आहे, हे प्रामाणिकपणे ठरवले की पुढचे बरेच प्रश्न सुटतात.

वेळेचा हिशेब आधी पाहू, कारण तिथेच अनेकांची फसगत होते. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नाइस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला ठोकताळा आजही वापरात आहे: सपाटीवर दर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. जाऊन-येऊन १२ किलोमीटर आणि ६०० मीटर चढाई असलेल्या सोंडेच्या वाटेला या हिशेबाने सुमारे साडेतीन तास लागतात. विश्रांती, खाणे आणि गटातील सर्वांत हळू चालणारी व्यक्ती लक्षात घेतली तर पाच ते सहा तास धरावेत. घळीतली वाट जाऊन-येऊन ६ किलोमीटर आणि चढाई २०० मीटर असेल, तर कागदावर ती दीड तासाची ठरते. प्रत्यक्षात ओल्या धोंड्यांवर प्रत्येक पाऊल तोलून टाकावे लागत असल्याने तासाला दीड-दोन किलोमीटरच्या पुढे क्वचितच जाता येते, आणि निम्म्या अंतराच्या या वाटेलाही जवळपास तितकाच दिवस जातो. म्हणून ‘अंतर कमी, म्हणजे सोपी’ या समजुतीवर पायथ्याची वाट निवडू नये. त्यातच घळीत ऊन लवकर ओसरते. माथ्यावर उजेड असताना खाली अंधारून आलेले असते. परतीला निघण्याची वेळ घरीच ठरवून ठेवावी आणि त्या वेळी धबधबा दिसला असो वा नसो, मागे वळावे.

वाट कुठून सुरू होते, हेही पाहायला हवे. काही ठिकाणी गाडी पठारावर थांबते आणि डोहाकडे उतरून जावे लागते. अशा वेळी सारी चढाई दिवसाच्या शेवटी, थकलेल्या पायांना करावी लागते. लहान मुले किंवा गुडघ्यांचा त्रास असलेली मंडळी सोबत असतील, तर केवळ या एका कारणासाठीही मी माथ्याच्या बाजूने निर्णय देईन.

आता पाणी. पायथ्याच्या वाटेचा निर्णय पूर्णपणे त्यावर अवलंबून असतो. नकाशावर ती वाट ओढा किती वेळा ओलांडते, ते मोजावे. त्याच वाटेने परतायचे असेल, तर ती संख्या दुप्पट होते. पाण्याचा वेग दुप्पट झाला की पायांवर येणारा जोर चौपट होतो, त्यामुळे सकाळी सहज ओलांडलेले घोटाभर पाणी दुपारी गुडघ्यापर्यंत चढून वेगवान झाले, तर धडधाकट माणसाचेही पाय उचलले जातात. आपल्या डोक्यावर आकाश निरभ्र असणे हा भरवसा नव्हे. पाऊस वरच्या पाणलोट क्षेत्रात कुठेतरी झालेला असतो आणि त्याचे पाणी घळीत मागाहून पोहोचते. स्वच्छ प्रवाह अचानक गढूळ होणे, पाचोळा आणि काटक्या वाहून येऊ लागणे, पाण्याचा आवाज खर्जात जाणे, यांतले एक लक्षण दिसले तरी सामान गोळा करत बसू नये, लगेच उंच जागा गाठावी. डोहाशी पोहोचल्यावर पाण्याच्या कडेला, अगदी ओल संपते तिथे, एक ओळखीचा दगड ठेवावा आणि मधूनमधून त्याच्याकडे पाहावे. दगडाच्या बुडाशी पाणी आले असेल, तर जेवण अर्धवट सोडून निघावे. वाट अडलीच, तर थांबावे. लहान ओढे झपाट्याने चढतात आणि पाऊस थांबल्यावर बहुधा काही तासांत उतरतातही.

पाणी कुठून येते, यावरही वेळापत्रक ठरते. पावसावर चालणारा ओढा पावसाप्रमाणे वागतो. बर्फ वितळून येणारा ओढा सकाळी सर्वांत कमी आणि दुपार उलटल्यावर सर्वांत जास्त वाहतो, म्हणजे परतीचे पाणी जातानाच्या पाण्यापेक्षा खोल असते. जिवंत झऱ्यांवर पोसलेला ओढा बराच स्थिर असतो; पहिल्यांदाच घळीत उतरणाऱ्यांनी शक्यतो असाच निवडावा.

माथ्याच्या वाटेवर ही भीती जवळजवळ नसते, पण तिथला धोका दिसायला फार निरुपद्रवी असतो. कड्याच्या अलीकडे पाणी पसरट, उथळ आणि शांत वाटते, कातळ गुळगुळीत असतो आणि पाय बुडवून बसावेसे वाटते. त्या पाण्यावरून जाणारे एखादे पान पाहावे. बराच वेळ ते रेंगाळत येते, धारेजवळच्या शेवटच्या काही हातांच्या अंतरात एकदम वेग घेते आणि दिसेनासे होते. धारेपाशी पाणी उथळ होत जाते आणि त्याचा वेग वाढत जातो. खाली शेवाळलेला कातळ असला, तर पावलाला धरायला काही उरत नाही. माथ्यावर असताना ओढा धारेच्या वरच्या अंगाला कधीही ओलांडू नये, मग पाणी कितीही कमी असो.

कडा आणि डोह या दोन्हींना लागू पडणारी आणखी एक गोष्ट खडकात दडलेली असते. अनेक धबधब्यांत वर कठीण खडकाचा थर आणि खाली मऊ खडक असतो. पाणी खालचा खडक पोखरते, वरचा थर अधांतरी राहतो आणि केव्हातरी तुटून पडतो. नायगारा धबधबा याच क्रियेने गेल्या सुमारे १२,००० वर्षांत सुमारे ११ किलोमीटर मागे सरकला आहे. चालणाऱ्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. वरच्याला भक्कम वाटणारी कड खालून पोकळ असू शकते आणि खालच्याच्या डोक्यावर तीच कड असते. डोहाभोवती पडलेले ताज्या, धारदार कडांचे धोंडे दिसले, तर तिथे डबा उघडू नये. थेट धारेखाली उभे राहण्याचा मोह तर टाळावाच, कारण पाण्याबरोबर दगडही येतात. शिवाय फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असल्याने शरीर नेहमीसारखे तरंगत नाही आणि कोसळणारे पाणी माणसाला पुन्हा पुन्हा खाली ओढते.

वीज कडाडत असेल, तर दोन्ही वाटा बाद समजाव्यात: सोंडेवर आपणच सर्वांत उंच ठरतो आणि घळीत पाणी येते. विजेचा लखलखाट आणि गडगडाट यांत ३० सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल, तर वीज साधारण १० किलोमीटरच्या आत आहे. तेव्हा सोंडेवरून उतरायला लागावे.

दृश्याच्या बाबतीत मी निःसंकोचपणे पायथ्याच्या बाजूचा आहे. धबधब्याच्या अगदी माथ्यावरून धबधबा दिसतच नाही, फक्त पाणी नाहीसे होताना दिसते. समोरच्या कड्यावर वेगळी जागा असेल, तरच माथ्याच्या चढाईचे चीज होते. खाली मात्र तुषार अंगावर येतात, आवाज छातीत घुमतो आणि वाटेत प्रत्येक वळणावर लहान डोह, रांजणखळगे असे काही ना काही भेटत राहते, त्यामुळे अर्ध्यातून परतले तरी दिवस वाया जात नाही. इंद्रधनुष्य पाहायचे असेल, तर सूर्य पाठीशी आणि क्षितिजापासून ४२ अंशांच्या खाली असावा लागतो. म्हणून पूर्वेकडे तोंड असलेला धबधबा सकाळी गाठावा आणि पश्चिमेकडचा दुपार कलल्यावर. समोरच्या उंच जागेवरून खाली तुषारांकडे पाहताना मात्र सूर्य वर असतानाही ते दिसू शकते.

सामानात फार फरक पडत नाही. सोंडेवर पाणी मिळत नाही, तेव्हा चालण्याच्या दर तासाला अर्धा लिटर धरून ते सोबत न्यावे. घळीत पाणी मुबलक असले, तरी ते उकळून प्यावे: खदखदून उकळी आल्यावर एक मिनिट, २,००० मीटरपेक्षा जास्त उंचीवर तीन मिनिटे. खाली जाणाऱ्यांना चांगल्या पकडीचे बूट, कोरडे मोजे आणि काठी लागते. ओढा ओलांडताना पाठपिशवीचा कमरपट्टा सोडून ठेवावा, म्हणजे पडल्यास ती झटकून टाकता येते.

गेल्या काही दिवसांत पाऊस थांबलेला, पाणी उतरत चाललेले आणि ओलांडण्या मोजक्या असतील, तर पायथा निवडावा. पाणी चढते असेल किंवा हवेचा अंदाज संदिग्ध असेल, तर माथा निवडावा, पण गटात सांगितलेले ऐकणारी माणसे असतील तरच. कड्याच्या टोकावर छायाचित्रांसाठी धावणारी मंडळी सोबत असतील आणि पाणीही चढते असेल, तर दिवस बदलावा.

दोन्ही वाटा जोडून फेरा करायचा असल्यास घळीतून चढावे आणि सोंडेवरून उतरावे. ओला कातळ उतरण्यापेक्षा चढायला सोपा असतो, आणि दुपारच्या चढलेल्या पाण्यातून परतावे लागत नाही. मात्र डोहापासून माथ्यापर्यंत नेणारा जोडरस्ता बहुधा साऱ्या फेऱ्यातला सर्वांत उभा आणि घसाऱ्याचा भाग असतो. तो नकाशावर स्पष्ट पायवाट म्हणून दाखवलेला आणि अलीकडे वापरात असल्याची खात्री झाली नसेल, तर आल्या वाटेने परतण्याइतका वेळ हाताशी ठेवूनच निघावे. घळीत मोबाइलला संपर्क मिळेलच असे नाही, म्हणून आपण कोणत्या वाटेने चढणार, कोणत्या वाटेने उतरणार आणि किती वाजेपर्यंत निरोप न आल्यास शोध सुरू करायचा, हे घरी कुणाला तरी लिहून द्यावे.