घरी येऊन स्लीप स्टडी करणारी सर्व्हिस: टेस्ट झकास, फोनांनी वैताग

नऊ तास झोपून पण सकाळी डोकं जड, पाच अलार्म लावायचो आणि पाचही झोपेतच बंद करायचो, आठवायचंसुद्धा नाही. संध्याकाळी लोकलमध्ये डोळा लागला की डोंबिवली गेली, डायरेक्ट कल्याण. घरात माझं नाव कुंभकर्ण.

डॉक्टरांनी आधी रक्त तपासलं, थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी१२, शुगर, कारण यातलं काही बिघडलं तरी माणूस पेंगतो म्हणे. सर्दीसाठी रोज रात्री सेट्रिझिन घ्यायचो, तीही बंद, तिची गुंगी सकाळपर्यंत राहू शकते. रिपोर्ट सगळे नॉर्मल. मग विचारलं, घोरता का? मी नाही म्हणालो तर बायको म्हणाली, "अहो डॉक्टर, घोरता घोरता आवाजच बंद होतो यांचा, मी घाबरून हलवते." झालं, स्लीप स्टडी करा, म्हणजे रात्री झोपेत श्वास आणि ऑक्सिजन मोजणारी टेस्ट.

माणूस सातला येणार होता, आला पावणेदहाला. पण काम नीट केलं त्याने, नाकाशी नळी, छातीला पट्टा, बोटाला तो लाल लाइटवाला चिमटा, सगळं चिकटपट्टीने बसवून दिलं. रात्री दोनला बाथरूमला निघालो तर नळी दाराच्या कडीत अडकली, बायको हसत हसत सोडवत होती. तरी रेकॉर्डिंग व्यवस्थित आलं. एएचआय ३४, म्हणजे तासाला सरासरी ३४ वेळा श्वास थांबतोय नाहीतर अपुरा पडतोय, ५ च्या खाली नॉर्मल आणि ३० पासून सिव्हिअर. रक्तातला ऑक्सिजन ७९ टक्क्यांपर्यंत उतरलेला! मी झोपत कुठे होतो, रात्रभर गुदमरत होतो.

आता तक्रार. रिपोर्ट आला त्याच दिवशी फोन सुरू, सर सीपॅप मशीन (झोपेत मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं) आजच बुक करा, ऑफर आहे. अरे डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला पण नाहीये अजून! दिवसाला चार चार फोन, शेवटी ब्लॉक केलं. डॉक्टरांनी आधी भाड्याने मशीन घेऊन बघायला सांगितलं तेच बरं झालं, कारण पहिला मास्क मोठा निघाला, बाजूने हवा सुटून रात्रभर शिट्टी वाजत होती.

आणि हो, या टेस्टमध्ये डोक्याला वायरी लावत नाहीत, त्यामुळे नार्कोलेप्सीबिप्सीचा (दिवसा अनावर झोप येण्याचा मेंदूचा आजार) संशय असेल तर हिचा उपयोग नाही, त्यासाठी स्लीप लॅबमध्येच रात्र काढावी लागते. हे बुकिंगच्या वेळी कोणी सांगत नाही.

टेस्टसाठी ३ स्टार. उरलेले दोन त्या फोनवाल्या ताईंनी खाल्ले.