टाकी गंजलेली, गाडी बाटलीवर : जुनी फियाट घेताना झालेली फसवणूक

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, वाईत एका डॉक्टरांची फियाट अकरा वर्षं चालवली. ड्रायव्हर म्हणून. स्वतःची गाडी त्यांना कधी जमली नाही. आता त्यांचं वय 81. त्यांना तशीच गाडी दारात उभी करून द्यायची, एवढ्यासाठी मी गेल्या वर्षी एप्रिलमध्ये पुण्याजवळच्या एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडून 1973 सालची प्रीमियर प्रेसिडेंट घेतली. कुर्ल्याच्या कारखान्यातली 1089 सीसीची हीच फियाट पुढच्या वर्षापासून पद्मिनी म्हणून ओळखली जाऊ लागली. किंमत 2 लाख 10 हजार. “पन्नास वर्षं पूर्ण आहेत, व्हिंटेजमध्ये बसते, भाव वाढतच जाणार,” असं व्यापारी म्हणाला. 2021 च्या नियमानुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीची वेगळी नोंदणी होते हे खरं. पण त्यासाठी रीतसर अर्ज करावा लागतो आणि तशी नोंदणी झालेली गाडी रोजच्या वापराला चालत नाही. हे त्याने सांगितलं नाही. मात्र खरी फसवणूक याहून मोठी होती.

पहिल्या दिवशी त्याने बॉनेट उघडून इंजिन दाखवलं, तेव्हा गाडी बंद होती. दुसऱ्या दिवशी मी चालवून बघायला गेलो, तर ती आधीच सुरू करून ठेवलेली. बॉनेट बंद. “तापलंय सगळं, आता नका उघडू.” चारेक किलोमीटर फिरवली. स्टिअरिंगला लावलेला गिअर लोण्यासारखा पडत होता. मी तिथेच हो म्हणालो आणि ‘गाडी जशी आहे तशी घेतली’ या कागदावर सही केली.

घरी आणतानाच गाडीने दोन-तीन झटके खाल्ले. व्यापारी फोनवर म्हणाला, बरेच दिवस उभी होती, चालवाल तशी मोकळी होईल. पुढे ठरलेलं दुखणं सुरू झालं. सकाळी हात लावताच सुरू व्हायची, पंधरा-वीस मिनिटं छान पळायची, मग पिकअप जायचा, धक्के द्यायची आणि बंद पडायची. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू. अण्णा शेजारी बसले होते. ते पहिल्याच दिवशी म्हणाले, “पेट्रोल कमी पडतंय तिला. टाकीत कचरा आहे.”

मी व्यापाऱ्यानेच सुचवलेल्या गॅरेजला गेलो. तिथे म्हणाले, उन्हाळा आहे, व्हेपर लॉक होतोय. म्हणजे इंजिनच्या उष्णतेने पाइपातल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला ती ओढता येत नाही. जुन्या गाड्यांत हे खरंच होतं, म्हणून मला पटलं. गाडीतला पेट्रोल ओढणारा पंप बदलला. दुसऱ्या खेपेला कार्बोरेटरचं, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागाचं, किट. तिसऱ्या खेपेला कॉइल, कंडेन्सर, प्लग हे ठिणगीचे भाग, कारण कॉइल तापली की गाडी अशीच बंद पडते आणि गार झाली की चालते. हेही खरं आहे. प्रत्येक निदान ऐकायला बरोबर वाटायचं आणि एकदाही कोणी टाकीतलं पेट्रोल काढून बघितलं नाही. काढलेले जुने भाग मला कधी परत मिळाले नाहीत. चौथ्यांदा इलेक्ट्रिक पंप बसवला. एकूण 27,500 रुपये गेले.

जुलैत अण्णांना घेऊन वाईला निघालो. खंबाटकी घाट चढताना, भर पावसात, गाडी बंद पडली. मागे ट्रकची रांग. अण्णा उतरून छत्री धरून उभे राहिले आणि मागच्या गाड्यांना हात दाखवत राहिले. बॉनेट उघडून पंपावर हात ठेवला तर कोमट. इतक्या गारव्यात वाफ कुठून धरणार? मी गॅरेजला फोन लावला. आता उत्तर बदललं होतं : तुम्ही ज्या पेट्रोल पंपावर भरता, तिथल्या पेट्रोलमध्येच पाणी आहे.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीच्या पेट्रोल पंपावर जाऊन त्या पोरांशी भांडलो. त्याची मला आजही लाज वाटते. तिथल्या व्यवस्थापकांनी शांतपणे फिल्टर पेपर मागवला. त्यावर नोझलचा थेंब टाकला, तो वाळून गेला, डाग राहिला नाही. मग जारमध्ये पेट्रोल घेऊन घनता मोजली आणि त्या दिवसाच्या नोंदीशी जुळते हे दाखवलं. ग्राहकाने मागितलं तर पंपावर ही तपासणी करून दाखवावी लागते, जरूर मागा. माझ्या बाबतीत पेट्रोल चोख होतं. म्हणजे घाण गाडीत होती. अण्णा तीन महिने हेच सांगत होते.

अण्णांच्या ओळखीचे साताऱ्याचे एक म्हातारे मिस्त्री आहेत. गाडी टेम्पोवर घालून त्यांच्याकडे नेली. त्यांनी एकही भाग बदलला नाही. कार्बोरेटरवरचं एअर फिल्टर काढून अ‍ॅक्सिलरेटर दाबून बघितला : गाडी चालू असताना आत पेट्रोलची चिळकांडी उडत होती, बंद पडल्यावर कोरडं. ठिणगी शाबूत. म्हणजे पेट्रोल पोचत नव्हतं. मग टाकीकडून येणारा पाइप पंपापासून सोडवला आणि ताज्या पेट्रोलची बाटली जोडायला घेतली. बाटली टांगायला जागा शोधताना ते थांबले. बॉनेटच्या बिजागरीपाशी नव्या कोऱ्या तारेचा हुक वळवून ठेवलेला होता.

“साहेब, हा कुणी लावला?”

मी लावलेला नव्हता. मिस्त्रींनी बाटली त्याच हुकाला अडकवली. अगदी बेताची बसली. ती भरत राहून गाडी तासभर चालली, एक झटका नाही. मला ज्या दिवशी गाडी फिरवायला दिली, त्या दिवशीही ती टाकीवर नाही, अशाच बाटलीवर पळाली होती. म्हणून ती आधीच सुरू होती आणि म्हणून बॉनेट उघडू दिलं नाही. (बाटलीचा हा प्रयोग घरी करू नका. तापलेल्या इंजिनशेजारी उघडं पेट्रोल म्हणजे आगीला आमंत्रण. मिस्त्रींनी आग विझवायचा सिलिंडर शेजारी ठेवला होता.)

टाकी उतरवून तळातलं पेट्रोल काचेच्या बरणीत ओतलं. दहा मिनिटांत तळाला तांबूस गाळ, त्यावर पाण्याचा थर आणि मधे चंदेरी रंगाच्या पापुद्र्यांचे तुकडे तरंगताना दिसले. गंजलेल्या टाकीला आतून रंगासारखा स्वस्त लेप फासून चकचकीत केलं होतं. 2023 पासून पंपांवर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल येऊ लागलं. इथेनॉल असा लेप सोडवतं, जुने रबरी पाइप मऊ करतं आणि पाणी ओढून घेतं. पाणी फार झालं की इथेनॉल त्याच्याबरोबर वेगळं होऊन खाली बसतं आणि पेट्रोल ओढणारी नळी नेमकी तळाशीच असते. हे तुकडे त्या नळीच्या जाळीला चिकटायचे, गाडी उपाशी मरायची. ओढ थांबली की सुटून खाली बसायचे, गाडी पुन्हा चालायची. एवढंच दुखणं होतं.

टाकी वाचवण्यासारखी नव्हती. पेट्रोलच्या जुन्या टाकीला झाळ मारायला मिस्त्रींनी साफ नकार दिला, कारण आत वाफ राहिलेली असते. नवी बनवून घेतली, इथेनॉलला टिकणारे पाइप घातले, पारदर्शक फिल्टर बसवला. सगळं मिळून 11,000. पावसाळ्यात टाकी शक्यतो भरलेली ठेवतो, म्हणजे आत दमट हवेचं पाणी धरत नाही.

तुम्ही जुनी गाडी घ्यायला जाल तेव्हा ती गार असतानाच जा. बॉनेटवर हात ठेवून बघा. तापलेलं असेल तर दुसऱ्या दिवशी या. सुरू असताना बॉनेट उघडायला लावा आणि कार्बोरेटरपासून टाकीपर्यंत पेट्रोलचा पाइप डोळ्यांनी माग काढत जा. बाकी सगळं जुनं आणि पंपाजवळचा एवढाच तुकडा, एवढीच क्लिप नवी असेल तर का ते विचारा. निदान तासभर, एखादा चढ धरून चालवा. तळातलं पेट्रोल बरणीत काढून दाखवायला सांगा. नकार आला तर परत या. आणि विकणाऱ्याने सुचवलेल्या गॅरेजला जाऊ नका.

हुकाचे, बरणीचे, पापुद्र्यांचे फोटो आणि गॅरेजची बिलं जोडून मी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, 5 लाखांपर्यंत शुल्क नाही, आणि आधी सल्ला हवा असेल तर 1915 वर फोन लागतो. ‘जशी आहे तशी’ हा कागद व्यापाऱ्याने पुढे केलाच आहे. दोष लपवून घेतलेली सही त्याला वाचवू शकत नाही, असं माझं म्हणणं आहे. पुढची तारीख लागली आहे. हुक मी काढलेला नाही, आयोगाला दाखवायचा आहे.