कऱ्हाड ते गुहागर पक्षी ट्रिप: गाईड झकास, तारीख गंडलेली

जानेवारीत एका रविवारी कऱ्हाडातल्या एका ग्रुपबरोबर गुहागरला एक दिवसाची पक्षी बघायची ट्रिप केली. माणशी 1900 रुपये, त्यात गाडी, नाश्ता, जेवण. पाचपैकी तीन स्टार देतोय आणि ते तिन्ही गाईड पोराचे.

पहाटे साडेतीनला निघालो, कुंभार्ली घाटात धुकं एवढं की ड्रायव्हर गप्प आणि मागं आम्ही पण गप्प, सव्वाआठला सुरूच्या बनातनं बाहेर आलो तर पाणी चढत आलेलं आणि ओल्या वाळूची जेमतेम पट्टी उरलेली. तिच्यावर वीस-पंचवीस सँडरलिंग. लाट मागं सरली की तिच्या मागनं पळत जाऊन वाळूत चोच खुपसायची, लाट उलटली की तुरुतुरु परत. पार आर्क्टिकात अंडी घालणारं एवढंसं पाखरू, हिवाळा काढायला इथं येतं! गाईडनं टेलिस्कोप तर लावून दिलाच, पण खाली वाकून ठसे पण दाखवले: नुसती पुढची तीन बोटं. शेजारीच कावळा चाललेला, त्याच्या ठशात मागचं लांब बोट एकदम स्पष्ट. सँडरलिंगला मागचं बोटच नसतं, हे मला आजवर माहीत नव्हतं.

आता तक्रार. जाहिरातीत ऑयस्टरकॅचर होता, काळा-पांढरा, लांब नारिंगी चोचीचा. दिसला नाय त्याचं काय नाय, पक्षी काय आपला नोकर नाय. पण नऊ-साडेनवाला उरलेली पट्टी पण पाण्याखाली गेली आणि किनाऱ्यावर राहिलो आम्ही, कुत्री आणि क्रिकेटवाली पोरं. दुपारी खानावळीत सुरमई वाढता वाढता काकू म्हणाल्या, "अहो, पौर्णिमेला सकाळचे कशाला आलात?" मग त्यांनीच हिशोब सांगितला, तिथीला पाऊणनं गुणायचं, येईल तो भरतीचा अंदाजे तास. पौर्णिमा म्हणजे पंधरा, आले सव्वाअकरा. ओहोटी त्याच्यापुढं सहाएक तासांनी, आणि आमची गाडी तीनला परत! अष्टमीला गेलो असतो तर ऐन दुपारी वाळू उघडी, पक्षी चरायला खाली.

आपल्याला सवय मायणी-येरळवाडीची, तळ्यातलं पाणी सकाळ-संध्याकाळ तिथंच, पट्टकादंब (हिवाळ्यात येणारे रानहंस) पण तिथंच, त्यामुळं पहाटे पोचलं की झालं. समुद्राला ते चालत नाय, तिथं चिखल-वाळू कधी उघडी पडते ते बघून निघायला लागतं. आम्हाला माहीत नसलं तर ठीक, पण पैसे घेणाऱ्याला तरी पाहिजे ना?

सुरमई आणि सोलकढी एक नंबर, गाडीच्या सीट बेकार, मागच्या लायनीत बसू नका.

परत येताना घाटात आयोजकांना विचारलं, तारीख कशी ठरवता? म्हणाले, "रविवार बघून."