परसातला अळू: वडी की फदफदं?

पावसाळ्यात अळू फोफावला की आधी देठ बघा. काळपट देठाचं, जाडसर पान वडीचं. हिरव्या देठाचं कोवळं पान फदफद्याचं.

वडीला सहा-आठ मोठी, अखंड पानं, दीड वाटी बेसन, चिंचेचा कोळ, गूळ. शिरा लाटण्याने चेपायच्या, नाहीतर गुंडाळताना पान फाटतं. पीठ लावून गुंडाळलेले उंडे वीस मिनिटं वाफवून पूर्ण गार करा. गरम कापले तर वडी सुटते. फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस टिकतात, हवे तेव्हा तळा.

फदफद्यात फाटकी पानं आणि सोललेले देठही खपतात. डाळ-दाणे भिजलेले असले तर अर्ध्या तासाचं काम.

खाज दोन्हीकडे, ऑक्झलेटच्या स्फटिकांमुळे. आंबटात आणि शिजवण्यात कंजुषी नको.

पाहुणे येणार असतील, वेळ असेल तर वडी. ढीगभर पानं संपवायची असतील तर फदफदंच.